धुऱ्यावरच्या पेटारीला रकाना नाही

मी कपाशीवरच्या किडींची पाहणी करतो. ठरलेली शेतं, प्रत्येक शेतात वीस झाडं, आकडे मोबाइलमध्ये. बाहेरच्या माणसाला कळत नाही ते पान उलटण्याचं कसब. आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही, देठाला अलगद धरायचं. जरा हिसका बसला की पांढरी माशी उडते आणि आकडा खोटा पडतो. पिठ्या ढेकणाला, म्हणजे अंगावर पांढरं मेण असलेल्या मिलीबगला, एवढी नजाकत लागत नाही. तो कुठे पळत नाही, असं मी नव्या पोरांना सांगायचो.

गेल्या हंगामात एका सकाळी पाहणीतल्या एका शेतकरी काकांचा फोन आला, धुऱ्याबद्दल, म्हणजे शेताच्या बांधाबद्दल. "सर, तुम्ही धुरा साफ करायला लावला, केला. आता पांढरं आत आलं." काकांचा आवाज चिडका नव्हता, हेच जास्त लागलं.

सल्ला माझाच होता, म्हणजे छापील पत्रकातला: ‘पर्यायी यजमान वनस्पतींचा नायनाट करावा.’ पहिल्यांदा ऐकल्यावर काकांनी विचारलं होतं, "यजमान म्हणजे? पूजेला बसतो तो?" मी हसून धुऱ्याकडे बोट केलं. गाजर गवत, पेटारी, आघाडा, चिकणा. शिवाय घरामागची भेंडी आणि दारातली जास्वंद. पिठ्या ढेकूण या सगळ्यांवर पोसला जातो, दीडशेहून जास्त जातींच्या झाडांवर त्याची नोंद आहे. गुलाबी बोंडअळीचं तसं नाही. तिला कपाशी आणि भेंडी-अंबाडीसारखी तिची मोजकी भावंडं लागतात, तिथं फरदड न घेणं, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी पुढच्या वेचणीसाठी उभी न ठेवणं, हाच मोठा उपाय. तरी दोन्ही किडींच्या पत्रकात हे वाक्य जसंच्या तसं असतं. लिहिणारा कधी धुऱ्यावर उकिडवा बसला असेल असं मला वाटत नाही.

शेतावर पोचलो तर उत्तरेकडचा धुरा भादरल्यासारखा दिसत होता. आणि उपटलेलं सगळं, गाडीवाट मोकळी राहावी म्हणून, कपाशीच्या पहिल्या तासात, म्हणजे झाडांच्या पहिल्या ओळीत, रांगेनं टाकलेलं.

"काका, हे जाळायचं नाहीतर पुरायचं होतं."

"उपटा म्हणालात. टाकायचं कुठं ते नाही सांगितलंत."

यावर मला उत्तर नव्हतं. उपटलेलं गाजर गवत दोन दिवसांत मान टाकतं. रस आटला की त्यावरची पिल्लं खाली उतरतात. मोठी मादी जड असते, पोटाखालच्या कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते आणि तिथंच सुकते. पिल्लं मात्र पिवळट, टाचणीच्या टोकापेक्षा बारीक, अंगावर मेण चढायचं बाकी, पाय चपळ. पुढ्यात हातभर अंतरावर कोवळी कपाशी. त्यात त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्याच्या लोभानं मुंग्या त्यांना सांभाळतात, उचलूनही नेतात. म्हणजे आम्ही धुऱ्यावरची कीड मजूर लावून पिकात आणून सोडली होती.

पहिल्या तासात अख्खी झाडं माखलेली, आमच्या भाषेत चौथी, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. दुसऱ्या तासात एखादी फांदी भरलेली. पाचव्यात कुठे दोन, कुठे चार. उपटलेल्या गवताचा ढीग जिथे तुटला होता, तिथे कपाशीही स्वच्छ. नियमाप्रमाणे शेतभर नागमोडी फिरून वीस झाडं धरली, तर सरासरी पहिल्या श्रेणीच्याही आत आली. अ‍ॅपच्या हिशेबात शेत ठीक होतं. धुऱ्यावर काय उभं आहे, यासाठी तर त्या अ‍ॅपमध्ये रकानाच नाही. तीन वर्षं बैठकीत सांगतोय, तीन वर्षं साहेब वहीत लिहून घेतात.

मग मी तो ढीग उपसत बसलो. पेटारीच्या वाळक्या फांद्या लगेच ओळखू येतात, चाकासारखी दातेरी फळं असतात, म्हणून तिला मुद्राही म्हणतात. त्या फांद्यांवर ढेकूण होते, पण पांढरे नव्हते. मेण गळालेलं, अंग फुगून तपकिरी आणि टणक, नखानं टोकरलं तरी हलत नव्हते. काहींच्या एका टोकाला गोल भोक.

ते भोक पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. ही परोपजीवी गांधीलमाशीची कामगिरी. काळी, जेमतेम दोन मिलिमीटरची. ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि कवच कातरून बाहेर पडते. ढेकूण मूळचा अमेरिकेचा. 2005 च्या सुमारास पाकिस्तानात कपाशीवर भडकला, 2007 मध्ये आपल्याकडच्या पंजाबात. त्याच्या मागोमाग ही माशी कुणीही न सोडता आपली आपण येऊन पोचली. 2009 मध्ये इकडच्या नमुन्यांवरून तिला इनासियस बंबावालेई असं नाव मिळालं. पुढे ती आधीच नाव दिलेली इनासियस अ‍ॅरिझोनेन्सिसच असल्याचं ठरलं. नावाचा घोळ होऊ दे, ढेकूण आटोक्यात यायला फवाऱ्यापेक्षा तिचा हात मोठा, असं माझं मत आहे. फवाऱ्याचं औषध मेणावरून ओघळतं आणि माशी मात्र मरते.

पूर्वेच्या कोपऱ्यात बोरीच्या काट्यांमुळे मजुरांनी हात घातला नव्हता. तिथं पेटारी कंबरभर उभी होती. शेंड्याला पांढरं होतं, पण खालच्या फांद्यांवर तपकिरी कवचांची रांग. तिच्या शेजारचे सहा तास मी झाडन् झाड पाहिले. तीन ढेकूण सापडले, त्यातला एक तपकिरी.

एका कोपऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. वारा वेगळा असेल, मुंग्यांची वारुळं तिकडे नसतील.

काका मागे उभे होते. "मग उपटायचं का नाही उपटायचं? एक काय ते सांगा."

भरलेली झाडं पोत्यात घालून बाहेर काढायला सांगितली, फवारा फक्त पहिल्या दोन तासांत, तोही 5 टक्के निंबोळी अर्काचा. पोतं ओढत न्यायचं नाही, उचलून न्यायचं. ढिगातल्या तपकिरी कवचांच्या फांद्या प्लास्टिकच्या बाटलीत भरल्या, तोंडाला मलमल बांधली. चौथ्या दिवशी बाटलीत काळे ठिपके फिरताना दिसले. मोजले, एकोणीस. संध्याकाळी जाऊन पाचव्या तासात मलमल सोडली. काका म्हणाले, "एवढ्याशा?"

शेरा लिहायच्या जागेत मी पेटारीबद्दल सगळं लिहिलं. शंभर अक्षरांनंतर अ‍ॅपनं घेतलं नाही.

यंदा पेरणीआधीच काकांचा फोन आला, धुऱ्याला मजूर लावू का म्हणून. गाजर गवत आताच काढा म्हटलं, फुलायच्या आत, आणि खड्ड्यात पुरा. पेटारीला हात लावू नका, मी येऊन फांद्या उलटून बघतो. "तपकिरी दिसले तर ठेवायची ना?" त्यांनी विचारलं. किती दिसले तर, ते मला अजून सांगता आलेलं नाही.