आगाशिव ते यवतेश्वर: पहिल्या हाफची नोंदवही

मंडळी, सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण झाली. 2 तास 37 मिनिटं. आयुष्यातली पहिली 21.1 किलोमीटरची शर्यत. फेब्रुवारीपासून वहीत लिहीत आले, त्या नोंदी इथे एकत्र करतेय. पहिल्यांदा घाटात पळणारा प्रत्येक जण चढाची चौकशी करतो. मीही तेच केलं. उताराबद्दल कुणाला विचारायचं मला सुचलंच नाही, आणि जुलैत त्याची किंमत मोजली.

फेब्रुवारी–मार्च. वय 43, कराडच्या एका बँकेत काउंटरवर काम, दिवसभर बसून. सुरुवात प्रीतिसंगमावर, बागेच्या बाजूने. पहिल्या दिवशी सलग 600 मीटर पळले आणि कठड्याला धरून उभी राहिले. मग दोन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं तीन आठवडे. वेग जास्त होतोय का, हे कळायला मी एक युक्ती धरली: पळताना सतराचा पाढा म्हणायचा. सतरा सक बेदोन, सतरा साते एकोणीसासे हे एका दमात निघालं तर वेग बरोबर. मध्ये श्वास तुटला की पाय आखडते घ्यायचे. आजही लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सर्वात लांब पळण्याला, घड्याळाआधी पाढाच वापरते. मार्चअखेर सलग 5 किलोमीटर, 41 मिनिटं.

एप्रिल–मे. पहाटे सव्वापाचला बाहेर, कारण सातनंतर ऊन सोसत नाही. रस्ता गोळेश्वरच्या बाजूचा, सपाट, दोन्हीकडे ऊस. खाशाबा जाधवांचं हे गाव. 1952 साली हेलसिंकीला ज्यांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, त्यांच्या गावावरून रोज पळत जायचं, याचं मला फार अप्रूप होतं आणि आहे.

याच काळात पहिली चूक केली. अंगात दम आला म्हणून दोन आठवड्यांत आठवड्याला 18 किलोमीटरवरून थेट 31 वर गेले. तिसऱ्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू झाला. पहिल्या किलोमीटरला दुखायचं, मग कमी व्हायचं, संध्याकाळी पुन्हा. फिजिओंनी अंगठ्याने नडगी वरून खाली दाबत नेली आणि विचारलं, 'एकाच ठिकाणी बोट ठेवता येतंय, की पट्टाभर दुखतंय?' पट्टाभर होतं, चांगलं बोटभर लांब. म्हणजे शिन स्प्लिंट, पळणाऱ्यांची नेहमीची नडगीदुखी. एकाच बिंदूवर टोचल्यासारखं दुखलं तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता असते आणि तिथे स्वतःच्या मनाने काहीही करायचं नाही, हे त्यांनी बजावलं. 16 दिवस पळणं बंद. त्या दिवसांत फक्त टाचा उचलण्याचा व्यायाम: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून वर, मग सावकाश खाली. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायूबंध मागून येतात. दम आहे म्हणून पाय तयार आहेत असं नाही.

जून. आठवड्याला 20 किलोमीटर, हळूहळू वाढ. बुधवारी आगाशिव, कराडजवळचा डोंगर: पायऱ्या आणि पायवाटेने महादेवापर्यंत चढायचं, उतरताना मात्र आरामात, गप्पा मारत. आता कळतं की इथेच चुकत होते. चढ चढून झाला म्हणजे काम झालं, असं डोक्यात होतं.

आत्या वारीला निघायच्या आधी घरी आल्या होत्या. माझं वेळापत्रक त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, 'पोरी, दिवे घाटात जो जोर करतो तो जेजुरीला पाय धरून बसतो.' त्यांनी माउलींच्या पालखीबरोबर कितीतरी वाऱ्या केल्यात. मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

जुलै, यवतेश्वरच्या घाटाची चाचणी. शर्यतीचा मार्ग एकदा तरी पायाखालून घालायचा म्हणून एका रविवारी साताऱ्याला गेले. समर्थ मंदिराच्या चौकातून वर 7 किलोमीटर आणि तेवढंच खाली. धुकं इतकं की पुढच्या वळणाचा कठडा दिसत नव्हता. चढ छान गेला. वर पोचले तेव्हा वाटलं, जमलं! मग उतारावर स्वतःला सोडून दिलं. लांब ढांगा, टाच आधी, प्रत्येक पावलाला ब्रेक. खाली आले तेव्हाही काही जाणवलं नाही.

सोमवारी मांड्या जड. मंगळवारी बँकेचा जिना मी कठडा धरून, पाठमोरी, एकेक पायरी उतरले. पहिल्या मजल्यावरून खाली यायला चार मिनिटं लागली. पोटऱ्या ठीक, दम ठीक, फक्त मांडीचे पुढचे स्नायू हाताला लाकडासारखे लागत होते. नीट पळायला दहा दिवस गेले.

याचं कारण समजून घेतलं आणि तिथून माझी तयारीच बदलली. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो, दोरीला बांधलेली बादली विहिरीत हळूहळू सोडावी तसा. या कामात दम लागत नाही, म्हणून फसायला होतं. पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचतं. दिलासा असा की हा स्नायू लवकर शिकतो. थोडा उतार एकदा पचवला की पुढचे काही आठवडे तोच उतार त्याला खूप कमी दुखवतो. म्हणजे उताराचा सराव शर्यतीआधी मुद्दाम, मोजून करायचा असतो. साताऱ्याच्या मार्गावर जवळपास सगळा चढ पहिल्या अर्ध्यात आणि सगळा उतार दुसऱ्या अर्ध्यात आहे. दमलेल्या पायांनी दहा किलोमीटर उतरायचंय, आणि मी तयारी फक्त अर्ध्या मार्गाची करत होते.

ऑगस्ट. श्रावणात आगाशिवच्या वाटेवर शेवाळ, त्यामुळे उताराचा सराव तिथे नको. तीन रविवार पहाटेची एसटी धरून सातारा, अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता. चढ चालत, उतार पळत. पहिल्या रविवारी दोन फेऱ्या, मग तीन, मग चार. पावलं आखूड आणि पटापट, मिनिटाला 158 वरून 172 पर्यंत नेली. पाय शरीराच्या पुढे टाकायचा नाही, अंगाखाली टाकायचा. नजर आठ-दहा मीटर पुढे. मागे रेलायचं नाही; भीतीने माणूस मागे रेलतो आणि सगळा भार टाचेवर आणि गुडघ्यावर येतो. खांदे सैल.

दुसऱ्या रविवारी उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं, उतारावर पाय बुटात पुढे सरकून. बूट अर्ध्या नंबराने मोठा घेतला. शिवाय वरच्या शेवटच्या, आपण कधीच न वापरलेल्या भोकातून लेस आतल्या बाजूला घालून छोटा फास करायचा, समोरची लेस त्या फासातून ओवायची आणि मग गाठ मारायची. टाच घट्ट बसते, बोटं मोकळी राहतात. नख गेलं, पण नवीन काळं झालं नाही.

सर्वात मोठा लाँग रन 18 किलोमीटर, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. नंतर टेपर, म्हणजे शर्यतीआधी पळणं कमी करत नेणं, आणि उतार पूर्ण बंद.

शर्यतीचा दिवस. 2012 पासून ही शर्यत होते. 2015 साली डोंगरी शर्यतीतल्या सर्वाधिक धावपटूंसाठी ती गिनीजमध्ये गेली, हे वाचून माहीत होतं. पण त्या गर्दीत उभं राहणं वेगळंच. पावसाची भुरभुर, बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या, चार पिना लावताना बोटं थरथरत होती. साताऱ्याची माणसं रस्त्यावर उतरतात. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तो हा जिल्हा, आणि पळणाऱ्याची कदर इथे दिसते. समर्थ मंदिराजवळ एक आजी दारात परातीवर लाटणं वाजवत उभ्या होत्या. 'चला, चला, बाय माझी!' असं त्या मलाच म्हणाल्या असं मला वाटलं, आणि पुढच्या बाईलाही तसंच वाटलं असणार.

घाट लागला तसा सतराचा पाढा सुरू. पाढा तुटला की तीस पावलं चालायचं ठरवलं होतं, आणि लोक दोन्ही बाजूंनी पुढे जात असताना ते पाळणं मला सर्वात कठीण गेलं. दिवे घाट, जेजुरी, हे मनात चालूच होतं. वरच्या वळणापर्यंत 1 तास 24 मिनिटं. रस्ता पुढे कासकडे जातो. आम्ही तिथून मागे फिरलो. कडेला तेरडा गुलाबी फुलला होता, मध्ये मध्ये पिवळी सोनकी. हे मला चढताना दिसलंच नव्हतं.

लेस पुन्हा आवळली, वीस सेकंद. मग आखूड पावलं, टपटप, टपटप. चौदाव्या किलोमीटरनंतर चढावर मला मागे टाकून गेलेली माणसं मांड्या चोळत कडेला उभी दिसू लागली. एका मुलाला मीठ-साखरेच्या पाण्याची माझी बाटली दिली. शहरात आल्यावर सपाटीवर पाय जड झाले, शेवटचे दोन किलोमीटर निव्वळ पाढ्यावर काढले. परतीचा अर्धा भाग 1 तास 13 मिनिटं. मुलगी कंदी पेढ्यांचा पुडा उघडूनच उभी होती.

मंगळवार, सकाळी दहा. बँकेचा जिना समोर तोंड करून, कठडा न धरता, दोन्ही हातांत फायली घेऊन उतरले. मांड्या थोड्या कुरकुरल्या, इतकंच.

दोन आठवडे फक्त चालणं. मग बुधवारी आगाशिव, शेवाळ वाळलं असेल तर.