वेस्ट ब्रँचवर ब्राउन ट्राउटच्या मागावर

न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हा मंडळींना डेलावेअर नदी ठाऊक असते ती रुंद, संथ आणि उन्हाळ्यात कोमट होणारी. तिची वेस्ट ब्रँच ही पश्चिमेकडची शाखा मात्र न्यू यॉर्क राज्यातील डिपॉझिट गावापासून हॅनकॉकपर्यंत भर जुलैतही पाय बधिर करील इतकी थंड वाहते, कारण न्यू यॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या कॅनन्सव्हिल धरणातून तिच्यात सोडला जाणारा विसर्ग जलाशयाच्या तळाकडचा असतो. त्या गारव्यावरच तेथील ब्राउन ट्राउट तग धरून आहे. हा मासा मुळात अमेरिकेचा नव्हे; १८८३ साली त्याची अंडी जर्मनीहून न्यू यॉर्कला आणली गेली.

मासेमारीचा परवाना ऑनलाइन मिळाला. उजाडण्याच्या सुमारास वाटाड्याने होडी पाण्यात ढकलली, तेव्हा धुक्यामुळे पलीकडचा काठही दिसत नव्हता. मी पुढच्या टोकाला, गुडघे टेकवण्याच्या आधाराशी उभा राहिलो. वाटाड्या मध्ये बसून, तोंड प्रवाहाच्या दिशेला ठेवून वल्ही मात्र उलटी मारत होता, जेणेकरून होडी पाण्यापेक्षा सावकाश सरकावी आणि काठापासूनचे अंतर कायम राहावे. यातली निम्मी मासेमारी वल्ह्यांवरच होते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मोठे ब्राउन ट्राउट अंधुक उजेडात लहान माशांची शिकार करतात, म्हणून आरंभी पिसांचा, मासोळीसारखा दिसणारा गळ, म्हणजे स्ट्रीमर, काठाशी टाकून झटक्याझटक्याने ओढत राहिलो. एक पिवळसर सावली त्याच्यामागून आली आणि होडीजवळ येताच वळली.

धुके विरळ झाल्यावर मेफ्लाय नावाच्या नाजूक पंखांच्या माश्या पाण्यावर उतरू लागल्या, तसे पृष्ठभागावर तरंगणारी कृत्रिम माशी गळ म्हणून दोरीला बांधली. खरी परीक्षा येथे होती. दोरीचा मधला भाग वेगवान धारेत पडला, की ती धार दोरीला ओढते, दोरीमागून माशी फरफटते आणि ट्राउट तिच्याकडे पाठ फिरवतो; म्हणून दोरी हवेत असतानाच रॉड प्रवाहाच्या वरच्या अंगाला झुकवून तिला ढील द्यावी लागते. कोकणात गरवताना हिसका हाताला कळला की ओढायचे, ही माझी जुनी सवय. येथे मासा माशी घेताना डोळ्यांना दिसतो, आणि तरीही तो तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबायचे, हे हाताला पटवणे मला सर्वांत जड गेले.

अखेर एक लागला. त्याने दोरी थेट खडकांकडे नेली, तेव्हा वाटाड्याने होडी त्याच्यामागे नेली, म्हणूनच बारीक तंगूस टिकली. जाळे पाण्यातच ठेवून, हात ओले करून, बिनकाट्याचा गळ काढला. काळ्या ठिपक्यांमध्ये फिकट कडांचे थोडे लाल ठिपके होते. प्रवाहाकडे तोंड करून धरल्यावर क्षणभराने तो स्वतःच हातातून निसटला. पुढे ऊन चढले, मासे वर येईनात, आणि आम्ही उरलेला टप्पा नुसता तरंगत पार केला.