अटी लागू

‘वोंका’ हा चॉकलेटवाल्या विली वोंकाच्या तरुणपणाची गोष्ट सांगणारा २०२३ चा चित्रपट बघायला बसताना बारा नाणी काढून ठेवावीत. एक रुपयाची चालतात. पडद्यावर जहाज बंदराला लागतं, तरुण विली वोंका खिशात चांदीची बारा नाणी आणि डोक्यावर स्वप्नांनी भरलेली हॅट घेऊन उतरतो आणि गाणं सुरू होतं. घरातल्या लहानग्याला सांगावं, तो खर्च करील तसतशी समोरची नाणी उचलत जायची. श्रीमंत बाजारपेठेत दिवास्वप्न पाहिल्याबद्दल पोलीस एकदम तीन नाणी दंड घेतो, तिथे मूल हमखास आपल्याकडे वळून बघतं. गाणं संपेपर्यंत टेबल मोकळं. शहर कसं आहे आणि हा पोरगा किती भाबडा आहे, हे सांगायला वेगळा प्रवेश लागत नाही. पदाने कथा पुढे ढकलली पाहिजे, नुसतं गोड वाजून भागत नाही, हे संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

खिसा रिकामा झाल्यावर खरी गोष्ट सुरू होते, आणि ती चॉकलेटची नाही, भाडेकराराची आहे. मिसेस स्क्रबिटच्या (ऑलिव्हिया कोलमन, दात विचकून मजा घेणारी) खानावळवजा घरात एका रात्रीचं भाडं एक नाणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं. करारावर सही करायची. तिथली नूडल नावाची मुलगी हळूच सुचवते, बारीक अक्षरं वाच. पण वोंकाला वाचताच येत नाही. तो सही ठोकतो. दुसऱ्या दिवशी हिशेब येतो: जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी, शेकोटीजवळ घेतलेली जिन वेगळी, वापरायला ठेवलेला साबणही वेगळा. एकूण दहा हजार. तळघरातल्या लाँड्रीत कपडे धुवून रोजचं एक नाणं फेडायचं, म्हणजे सत्तावीस वर्षं आणि वर काही महिने. आपल्याकडच्या जाहिरातींत शेवटी कोणीतरी धापा टाकत ‘अटी लागू’ म्हणून जातं ना, तीच बाई इथे घर चालवते आहे.

आता १९७१ चा जुना चित्रपट आठवावा, मेल स्टुअर्टने दिग्दर्शित केलेला, जीन वाइल्डर वोंका असलेला. वोंकाच्या चॉकलेट कारखान्यात पाऊल टाकल्याबरोबर मुलांना कशावर सही करावी लागते? भिंतभर करारनाम्यावर, ज्याची अक्षरं खाली खाली मुंगीएवढी होत जातात. शेवटी भिंग लावून त्यातलंच कलम वाचत वाइल्डर चार्ली या गरीब मुलावर आणि त्याच्या आजोबांवर ओरडतो: तुम्ही चोरून पेय प्यायलात, छताला लागलात, आता ते छत धुवावं लागणार, तुम्हाला काहीही मिळणार नाही. आणि त्याच चित्रपटात चार्लीची आई पोट कशावर भरते? लाँड्रीवर. रोआल्ड डालच्या मूळ १९६४ च्या कादंबरीत तिचा हा धंदा नाही, तो चित्रपटाने दिलेला.

पॉल किंग आणि सायमन फार्नबी या लेखकद्वयाने हा धागा नेमका उचलला आणि त्याबद्दल पडद्यावर एक अक्षर काढलेलं नाही. बारीक अक्षरांत फसलेला पोरगा पुढे स्वतः बारीक अक्षरं लिहिणारा झाला, हे ज्याने जुना चित्रपट पाहिलाय त्याने आपलं आपण जोडावं. पूर्वकथा बहुतेक वेळा इथेच मार खाते. काठी कुठून आली, टोपी कोणी दिली, टोपणनाव कसं पडलं, असल्या पावत्या फाडत दोन तास जातात आणि जुन्या पात्राचं गूढ तेवढं आटतं. वाइल्डरने भूमिका घेतानाच अट घातली होती की पहिल्या प्रवेशात आपण काठी टेकत लंगडत येणार, अडखळणार आणि मग कोलांटी उडी मारणार. म्हणजे त्यानंतर हा खरं बोलतोय की खोटं, हे कोणालाच कळणार नाही. त्या लंगडण्याची ‘खरी कहाणी’ नव्या चित्रपटात नाही. उपकार झाले. टिमोथी शालामेचा वोंका वाइल्डरची नक्कलही करत नाही. त्याच्यात ती धार नाही आणि नसायलाच हवी, अजून त्याला कोणी पुरेसं लुबाडलेलं नाही.

कालक्रम जुळवायला जाऊ नये. हाती फक्त डोकेदुखी लागेल.

संगीतात मात्र हिशेब चोख आहे. नवी गाणी नील हॅननची, पार्श्वसंगीत जोबी टॅलबटचं. दोघे पूर्वी एकाच बँडमध्ये होते, ते ऐकताना जाणवतं. लेस्ली ब्रिकस आणि अँथनी न्यूली यांच्या जुन्या चित्रपटातल्या चालींपैकी ठळकपणे दोनच घेतल्या आहेत: ऊम्पा लूम्पांची (वोंकाच्या कारखान्यातले ते बुटके कामगार) आणि कल्पनेच्या राज्यात नेणारी ती संथ चाल. पहिली, केशरी कातडीचा आणि हिरव्या केसांचा ह्यू ग्रँट काचेच्या बरणीतून म्हणतो, शब्द नवे. दुसरी पूर्ण गाण्याच्या रूपात शेवटासाठी राखून ठेवलेली आहे. सुरुवातीलाच ती वाजवून टाळ्या घेता आल्या असत्या. लाँड्रीतलं गाणं ठेक्यासाठी ऐकावं: कपडे घासण्याचा आवाज हाच त्याचा ताल. चॉकलेटचे तीन मक्तेदार पोलीसप्रमुखाला चॉकलेटची लाच देतात तेव्हाचं गाणं शब्दांत सगळ्यात तल्लख, पण इंग्रजी यमकं इतक्या वेगाने पडतात की सबटायटल चालू ठेवल्याशिवाय निम्मी निसटतात. काचेच्या छतावर फुगे धरून गायलेलं गाणं गोड आहे, जरा लांबलंय. आणि तो पोलीसप्रमुख चॉकलेट खाऊन दर प्रवेशाला फुगत जातो, हा विनोद दुसऱ्या खेपेलाच शिळा होतो. ग्रँटही फार उशिरा येतो.

सोबत आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर नवा चित्रपट आधी, जुना नंतर. जुन्यात नावेतून बोगद्यात जाण्याचा प्रसंग आहे. भिंतीवर कोंबडीची मान तोडलेली दिसते, चेहऱ्यावरून गोम जाते. मोठ्यांनी उलट क्रम धरावा, तरच कराराचा तो धागा लागतो. नवा ११६ मिनिटांचा आहे, जुना साधारण शंभर. एका बैठकीत दोन्ही नकोत. विश्रांती घ्यायचीच तर कुत्र्याला पट्ट्यावर पळवून वोंका कपडे धुण्याचं यंत्र चालवतो, त्यानंतर घ्यावी. त्याआधी उठलेलं मूल परत येत नाही.

राहिलं चॉकलेट, कारण ते हाताशी नसताना हा चित्रपट बघणं म्हणजे उपासाच्या दिवशी मिठाईच्या दुकानासमोर उभं राहणं. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, शरीराच्या उष्णतेच्या जरा खाली, म्हणून ते जिभेवर विरघळतं. आणि म्हणूनच मे महिन्यात डब्यातही विरघळतं. पुन्हा थिजताना चरबी वर येते आणि वडीवर पांढुरकी साय धरते. ती बुरशी नव्हे, खायला हरकत नाही, पण मोडताना ‘टक्’ होत नाही. फ्रिजमधली वडी लगेच उघडली तर हवेतली वाफ तिच्यावर जमते, साखर विरघळते आणि वाळल्यावर पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हा अर्धा तास आधी बाहेर काढावी, पण वेष्टनातच ठेवावी. घाम वेष्टनाला फुटू दे. वितळवून फळं बुडवायची हौस असेल तर भांड्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये, सगळा गोळा घट्ट होऊन बसतो. १९७१ च्या चित्रपटातली चॉकलेटची नदी वाहती दिसली ती पाण्यात कोको आणि मलई मिसळून. त्या मलईने पुढे नासून घाण वास मारला.

वडी उघडायची वेळही ठरलेली असावी. वोंकाला मरणाऱ्या आईने दिलेली एक वडी तो अख्खा चित्रपट न फोडता बाळगतो. मधल्या काळात नूडल त्याला वाचायला शिकवते, आणि चॉकलेटच्या तीन मक्तेदारांना अडकवते तीही हिशेबाची वहीच. मग ती वडी निघते, आतल्या सोनेरी कागदावर दोन ओळी असतात, आणि त्या त्याला स्वतःला वाचता येतात. तिथे तो वडी मोडून सगळ्यांना तुकडा देतो. आपलं वेष्टनही तेव्हाच फाडावं. दोनशे ग्रॅम चौघांना पुरतं, आधीच्या नाण्यांवरून भांडण झालं नसेल तर.