पोल कुठं गेला?

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

चार दिवस झाले, नानांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. प्रश्न तरी केवढा, तीन शब्दांचा.

रविवारी घरभरणी होती. हॉलमध्ये शिरलं की समोरच्याच भिंतीवर मी काढलेला आमच्या रानाचा फोटो. १६ बाय २४ इंच, मॅट कागद, सागवानी फ्रेम. पंगती उठत होत्या आणि येणारा-जाणारा फोटोसमोर थांबत होता. कुणीतरी म्हणालं, "महाबळेश्वर वाटायलंय की!" वहिनीच्या भावानं तर फोटोचाच फोटो काढून स्टेटसला टाकला. मी भाजीचं पातेलं हातात घेऊन कारण नसताना दोनदा हॉलमधून गेले. बरं वाटत होतं.

नाना सगळ्यात शेवटी आले. ओले हात धोतराला पुसले, खिशातून चष्मा काढला आणि फ्रेमच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ धरली. विहीर बघितली. लिंब बघितला. मग बांधावर एका जागी नजर थांबली, तिथून वर गेली, परत खाली आली.

"पोल कुठं गेला गं?"

मी म्हटलं, "काढला, नाना. मधी मधी येत होता."

ते काही बोलले नाहीत. चष्मा खिशात ठेवला आणि वाढप्यांना हाका मारत मांडवात गेले. एवढंच झालं.

परतीच्या एसटीत मांजरसुंब्यापासून गेवराईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. फार लागलं होतं मनाला. त्या फोटोसाठी भाद्रपदात तीन वेळा गावाकडं खेपा घातल्या. दोनदा आभाळ गच्च, काहीच मिळालं नाही. तिसऱ्यांदा पाऊस उघडल्यावर डोंगराच्या अंगानं ऊन पडलं आणि चार-पाच मिनिटं टिकलं. ट्रायपॉडचे पाय काळ्या रानात रुतत होते, चपलांना शेरभर चिखल. मग इथं येऊन दोन रात्री एडिटिंग, लॅबमध्ये दोनदा प्रिंट नापसंत करून तिसरी घेतली, फ्रेमचे पैसे वेगळे. आणि माणसानं बघावं काय, तर फोटोतून पुसलेला विजेचा पोल. शहागडला गोदावरी ओलांडताना वाटलं, आपल्या माणसांसाठी काही करूच नये. लोक कौतुक करतात तेवढं पुरे.

हे रविवारचं. आज तसं वाटत नाही. पण प्रश्न आहे तिथंच आहे.

आज कामावरून आल्यावर फाईल परत उघडली. मूळची, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची. कितीतरी दिवसांनी बघितली. तिच्यात आभाळ राखाडी आहे, विहिरीचं तोंड काळंकुट्ट, सोयाबीन मरगळलेलं. संध्याकाळ अशी नव्हती. मी उभी होते तिथं मला विहिरीतले दगड दिसत होते आणि ढगांच्या कडाही दिसत होत्या. डोळा दोन्हीकडं जुळवून घेतो, कॅमेऱ्याला एकाच वेळी तेवढं झेपत नाही. म्हणून सावल्या उचलल्या, उजेड थोडा दाबला. याबद्दल माझ्या मनात कधीच खोट नव्हती, आजही नाही. माझा कॅमेरा रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या टिपतो, आपण एरवी बघतो त्या जेपेग फाईलमध्ये त्यातल्या २५६ च उरतात. कुठल्या ठेवायच्या हे कुणीतरी ठरवणारच. मी नाही ठरवलं तर कॅमेरा बनवणारा ठरवतो. "मी फोटो एडिट करत नाही, जसाच्या तसा टाकतो," असं मोबाईल दाखवून सांगणारे भेटतात तेव्हा मला हेच सांगायचं असतं. त्या मोबाईलनं तुमच्या नकळत पाच-सात फोटो एकात एक मिसळलेत, आभाळ निळं केलंय, चेहरा उजळलाय. जसंच्या तसं असं काही नसतंच.

इथपर्यंत मी ठाम आहे. पुढं पाय डळमळतो.

सावल्या उचलून झाल्यावर हिरवा रंग वाढवला. भाद्रपदात सोयाबीन पिवळ्याकडं झुकायला लागतं, पानं खालून सुटायला लागतात. तो पिवळा मी हिरव्याकडं ढकलला. माळावरच्या कुसळी गवताला तांबूस झाक होती, तीही झाकली. डोंगरावरचा धूसरपणा काढला. बालाघाटाचा डोंगर असा कडक, धुऊन ठेवल्यासारखा कधी दिसत नाही. तो बुटका, सपाट माथ्याचा, मुरमाड आहे; त्याच्यावर सीताफळाची झुडपं आहेत आणि उघडे दगड आहेत. म्हणून तर कुणालातरी महाबळेश्वर वाटलं! रविवारी ते ऐकून मी खूश झाले होते. आज तेच वाक्य टोचतंय.

आपण सगळेच हे करतो. मराठवाड्याचा फोटो म्हटलं की त्याला कोकण करून टाकतो. नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचे, सौताड्याचे, कपिलधारचे फोटो बघावेत, पाणी दुधासारखं, शेवाळ पाचूसारखं. बोरी नदी भरून वाहते तेवढेच दिवस नर-मादी कोसळतात, एरवी तिथं कोरडा दगड असतो, हे त्या फोटोंत कुठंच नसतं. मागं पुण्याहून आलेल्या मैत्रिणीला एप्रिलमध्ये वेरूळ दाखवायला नेलं. कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावर उभी राहून ती म्हणाली, फोटोत तर सगळं हिरवंगार होतं गं. तिचा आवाज फसवल्यासारखा होता. लेणं डोळ्यासमोर होतं, एका अखंड डोंगरात वरून खाली कोरत आणलेलं, आणि ती हिरवळ शोधत होती.

आणि दुसऱ्या टोकाचंही मीच केलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी मांजरा धरणाच्या तळात उतरून फोटो काढले होते. भेगा होत्याच, पाऊल अडकेल अशा. तरी घरी येऊन मी त्या आणखी काळ्या केल्या, मातीचा उरलासुरला रंग उतरवला. तेव्हा वाटलं, माणसांना दुष्काळ कळायला पाहिजे. पण खरा दुष्काळ काय कमी पडत होता? हिरवं जास्त हिरवं करणारा आणि भेग जास्त खोल करणारा हात एकच. समोर जे आहे ते पुरेसं नाही, असं त्या हाताला वाटत असतं.

पोलाचं मात्र याहून वेगळं आहे. रंगाचा काटा मागंपुढं झाला तर नानांना कळलंही नसतं, कळलं तरी त्यांनी सोडून दिलं असतं. पोल त्यांनी सोडला नाही.

का, हे मला रविवारीच कळायला हवं होतं. विहिरीवरच्या कनेक्शनचं कोटेशन भरलं तेव्हा मी सातवीत होते. पोल उभा राहिला तेव्हा माझी बारावी झाली होती. मधली वर्षं नाना सायकलला डिझेलचा कॅन बांधून इंजिनासाठी न्यायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी तालुक्याच्या ऑफिसात खेटा घालायचे. साहेब बाहेर गेलेत, यादी वरून आली नाही, सामान नाही. पोल आला त्या दिवशी ट्रॅक्टरमागं गावातली पोरं पळत आली. आक्कानं त्या सिमेंटच्या खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पुढं कितीदा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली, वर्गणी करून कितीदा ती भरून आणली, रात्रीच्या पाळीची लाईट म्हणून नाना थंडीत बॅटरी घेऊन स्टार्टर दाबायला कितीदा गेले, ते सगळं मी बघितलंय. आक्का असती तर तिनं फोटोत आधी पोलच शोधला असता.

ते आज नको.

आणि मी तो पोल काढला तो कसा, तेही आज आठवलं. दोनशे टक्के मोठं करून ब्रश फिरवायचा, बाजूचं आभाळ तिथं येऊन बसतं. पोल दोन मिनिटांत गेला. वेळ तारांना लागला, कारण त्या लिंबाच्या शेंड्यातून जात होत्या आणि पान न् पान सांभाळावं लागत होतं. एका तारेवर कोतवाल बसला होता. तार पुसली आणि तो आभाळात अधांतरी बसलेला दिसायला लागला. दुभंगलेली शेपटी खाली, पाय कशालाच धरून नाहीत. मी क्षणभर थांबले होते, हे मला नक्की आठवतंय. मग त्यालाही पुसला.

त्या क्षणी थांबले होते तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मोठ्यामोठ्यांचंही हे झालेलं आहे. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरनं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला, आणि पुढं अनेक वर्षं त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढताना आभाळ काळं काळं करत नेलं. ते मला पटतं, ती उजेडाची मशागत आहे. पण त्याच माणसानं १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळून हिमशिखरांचा फोटो घेतला, तिथल्या टेकडीवर शाळेच्या पोरांनी गावाच्या नावाची एल आणि पी ही अक्षरं पांढऱ्या दगडांनी मांडली होती. ती त्यानं पुसली. त्याला तो निसर्गावरचा ओरखडा वाटला. ते दगड वाहून नेणाऱ्या पोरांपैकी कुणी पुढं तो फोटो बघितला असेल का? बघून काय वाटलं असेल? मला पूर्वी अॅडम्सचंच बरोबर वाटायचं. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकनं उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले तेव्हा केवढी टीका झाली, हे मी क्लासच्या पोरांना दरवर्षी सांगते. सांगताना माझा आवाज चढतो. पिरॅमिड सरकवायचा नाही, पोल मात्र काढायचा.

संध्याकाळपासून वहीवर रेघा ओढत बसले होते, कुठपर्यंत चालेल आणि कुठून पुढं नाही. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढावेत, ते त्या रानात नव्हतेच. खाली कोपऱ्यात गुटख्याची पुडी होती. ती काढली याचं मला काही वाटत नाही, फोटोआधी वाकून उचलता आली असती. खरं तर उचलायलाच हवी होती. पोल उचलता आला नसता. मग दोन पावलं डावीकडं सरकले असते तर? तिथून पोल लिंबामागं जातो. तेही लपवणंच झालं की. बराच वेळ इथं अडकले होते. पण तसा फोटो असता तर नानांनी विचारलंच नसतं. त्या रानात कुठं उभं राहिलं की काय दिसतं आणि काय झाकतं हे त्यांना पाठ आहे. लिंबामागं पोल आहे, हे त्यांनी फोटो बघताना मनात धरलं असतं. मी ज्या जागेवरून फोटो घेतला तिथून पोल दिसतो. तिथं उभं राहून तो दिसत नाही, असं कधीच होत नाही. म्हणून ते मांडवात जाण्याआधी परत खाली-वर बघत होते. पोल कुठं गेला, हे त्यांनी खरोखर विचारलं होतं. मी त्याला टोमणा समजून एसटीत रडत आले.

नऊ वाजता वहिनीचा फोन आला होता. घरभरणीला राहिलेले पाहुणे अजून येतायत म्हणाली. नाना प्रत्येकाला फोटोपुढं नेतात, पोरीनं काढलाय म्हणून सांगतात, आणि काचेवर बोट ठेवून दाखवतात, "हितं पोल आहे. दिसत नाही, पण आहे." रोज सकाळी ती तेवढ्या जागेवरचा बोटाचा डाग पुसते, म्हणाली. मला काही बोलता येईना. ती म्हणाली, "आता तू काढून नको नेऊस बाई फोटो, खिळा ठोकलाय भिंतीत." मग सोयाबीनच्या भावाचं बोलली, दादाचं बोलली. ते राहू दे.

फोन ठेवून फाईल पहिल्यापासून परत केली. विहिरीतले दगड दिसतील एवढ्याच सावल्या उचलल्या. सोयाबीन पिवळं राहिलं. डोंगरावरचं धुरकट तसंच. लिंबाच्या शेंड्यातून तारा गेल्यात, पोल मधोमध नाही, जरा उजवीकडं आहे आणि डीपीच्या बाजूला किंचित कललेला आहे. फोटो आधीएवढा शांत नाही. नजर विहिरीवर न थांबता तारेबरोबर बाहेर जाते. स्पर्धेला पाठवला तर मागं येईल, हेही मला दिसतंय. मी बराच वेळ बघत बसले, आणि हळूहळू त्यात मोटरचा आवाज ऐकू यायला लागला.

लॅबवाल्याला फाईल पाठवली आहे, माप तेच, कागद तोच. शनिवारी मिळेल. रविवारी जाते. फ्रेम उतरवायला नको, मागच्या पट्ट्या सैल करून आतला कागद तेवढा बदलता येईल. स्क्रू ड्रायव्हर आत्ताच पिशवीत टाकला.

उजेड कमी होता म्हणून शटर हळू ठेवलं होतं. कोतवालाची शेपटी थोडी हललेली आली आहे.