न्यूयॉर्कचा नोटरी, ठाण्याचं टेबल: परदेशातून कुलमुखत्यारपत्र पाठवताना

आईनंतर ठाण्यातला फ्लॅट दादाच्या आणि माझ्या नावावर आला. तो विकायचं ठरलं तेव्हा दादा तिथे आणि मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. नुसत्या सहीसाठी विमानाचं तिकीट काढणं दोघांनाही पटेना. म्हणून मी दादाच्या नावे खास कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी), म्हणजे माझ्या वतीने सही करायचा अधिकार, करून पाठवायचं ठरलं. मॅनहॅटनमध्ये तो कागद कुठून कुठे फिरला आणि ठाण्यात पोचल्यावर त्याचं काय झालं, ते सविस्तर लिहिते आहे. न्यूजर्सी, लंडन किंवा सिंगापूरहून करणाऱ्यांच्या पत्ते-फिया वेगळ्या असतील, पण कामाची रीत बरीचशी हीच.

सुरुवात उलट्या टोकाने करा. न्यूयॉर्कचा नोटरी ‘चालेल हो’ म्हणाला तरी कागद चालवून घेणारा माणूस ठाण्यात बसलेला असतो. त्याला काय लागतं हे आधी वकिलांकडून लेखी घ्या. आमच्या वकीलबाईंनी मसुद्याबरोबरच यादी पाठवली: फ्लॅटचं पूर्ण वर्णन, जुन्या कराराचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक पानावर सही, फोटो, दोन साक्षीदार. नाव पासपोर्टवर आहे तसंच. माझं करारातलं नाव माहेरचं, पासपोर्टवरचं सासरचं, त्यामुळे ‘उर्फ’ घालून दोन्ही लिहावी लागली. मसुदा इंग्रजीतच करून घेतला. मराठी चाललं असतं, पण मग इथल्या प्रत्येक खिडकीवर ‘हे काय आहे’पासून सुरुवात.

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे भारताबाहेर राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट किंवा भारताचा कॉन्सल यांच्यासमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं असावं लागतं. म्हणजे रस्ते मुख्यतः दोन. एक आपल्या वकिलातीचा, ३ ईस्ट ६४ स्ट्रीटवरचा. दुसरा स्थानिक नोटरी आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा, हेग कराराने ठरवलेला सरकारी दाखला. १४ जुलै २००५ पासून भारत या करारात आहे आणि अमेरिका त्याआधीपासून, त्यामुळे अपॉस्टिल लावलेल्या कागदाला आणखी वकिलातीचा शिक्का लागत नाही. मी हा दुसरा रस्ता धरला. मात्र ओळखीतल्या एकांकडे त्यांच्या बँकेने वकिलातीचाच शिक्का हवा म्हणून हट्ट धरला होता. कायद्याने काय चालतं यापेक्षा समोरचा माणूस काय मागतो हे अशा वेळी मोठं ठरतं. कागद बँकेतही दाखवायचा असेल तर बँकेलाही आधीच विचारा.

आता नोटरी. आपल्याकडचा नोटरी म्हणजे बहुधा वकील, लाल शिक्का आणि रजिस्टरात नोंद. न्यूयॉर्कमधला नोटरी औषधाच्या दुकानातला माणूस किंवा बँकेतली कारकून बाईही असू शकते. एका सहीसाठी त्यांना कायद्याने जेमतेम २ डॉलर घेता येतात. ते मजकूर तपासत नाहीत, फक्त तुम्ही तुम्हीच आहात आणि सही तुमची आहे एवढं पाहतात. बऱ्याच बँका खातेदारांना ही सेवा फुकट देतात, पण मुखत्यारपत्र म्हटलं की काही शाखा हात वर करतात. आधी फोन करा.

नोटरी निवडताना त्याच्या शिक्क्यावरचा काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, उल्लेख बघा. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त वेळ याच एका ओळीने वाचतो. न्यूयॉर्क राज्यात नोटरीची सही आधी त्याच्या काउंटीच्या क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते, मगच राज्य सरकार अपॉस्टिल देतं. नोटरी क्वीन्स काउंटीचा असेल तर आधी क्वीन्समधल्याच जमैका भागात, सटफिन बुलेव्हार्डवर जा, मग मॅनहॅटनला या. नोटरी ‘न्यूयॉर्क काउंटी’चा, म्हणजे मॅनहॅटनचा असेल तर दोन्ही कार्यालयं चालत जाण्याच्या अंतरावर. मी राहते क्वीन्समध्ये, पण ऑफिसजवळचा मॅनहॅटनचा नोटरी शोधला तो यासाठीच. काही नोटरी आपली सही दुसऱ्या काउंटीतही नोंदवून ठेवतात. तसं असेल तर तिथलाही क्लार्क ती प्रमाणित करू शकतो. विचारायला काय जातंय!

आपल्या वकिलांचा मसुदा बहुतेक वेळा ‘माझ्यासमोर’ एवढ्यावर संपतो आणि खाली कोरी जागा असते. तेवढं इथे पुरत नाही. राज्य, काउंटी, तारीख आणि सही करणारा स्वतः हजर होता अशा मजकुराचा न्यूयॉर्कच्या नमुन्यातला पूर्ण दाखला सहीखाली लागतो. तो मसुद्यातच टाइप करून न्या. फोटो घरीच चिकटवून त्यावर आडवी सही करा, नोटरीने फोटोवर शिक्का मारावा असा आग्रह धरू नका. शेवटच्या पानावरची सही मात्र त्याच्यासमोरच. साक्षीदार म्हणून दोन मैत्रिणींना कॉफीचं आमिष दाखवून नेलं होतं. २०२३ पासून इथे ऑनलाइन नोटरीही कायदेशीर आहे. मी त्या वाटेला गेले नाही. ठाण्यात शाईची सही बघायची सवय आहे, तिथे नवा वाद कशाला उकरून काढा.

काउंटी क्लार्क बसतो ६० सेंटर स्ट्रीटला, फोली स्क्वेअरसमोरच्या मोठ्या खांबांच्या न्यायालयात. ४, ५ किंवा ६ नंबरच्या गाडीने ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉलला उतरा. दारात बॅगा तपासतात, रांग असते. तिथून जवळच, १४१ वर्थ स्ट्रीटला, ‘सिटी क्लार्क’चं ऑफिस आहे. हातात फुलं घेतलेली, नटलेली जोडपी दिसली की तुम्ही तिथे पोचलात असं समजा. ते लग्नाच्या परवान्यांचं ऑफिस, तुमचं काम तिथे नाही. काउंटी क्लार्कच्या खिडकीवर ३ डॉलर भरले, नोटरीची सही नोंदीशी जुळवून बघितली गेली आणि कागदाला एक दाखला जोडून मिळाला. दोन मूळ प्रती करणार असाल तर फी दोनदा. मी दोन केल्या आणि कुरिअरवर अजिबात भरवसा नसेल तर तुम्हीही करा.

तिथून दक्षिणेकडे, सिटी हॉलवरून फुल्टन स्ट्रीटच्या दिशेने पंधरा मिनिटांत १२३ विल्यम स्ट्रीट येतं. अपॉस्टिल देणारं राज्याचं खातं तिथे आहे. अर्जावर कागद कोणत्या देशात वापरणार हे लिहावं लागतं. ते घाईत भरू नका, कारण देश करारात नसेल तर अपॉस्टिलऐवजी वेगळाच दाखला मिळतो. फी प्रत्येकी १० डॉलर. सकाळी गेले होते, थोडं बसावं लागलं, पण काम करूनच बाहेर पडले. अपॉस्टिलवर फ्रेंचमध्ये ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराचा उल्लेख आणि खाली १० मुद्दे असतात. ते सांगतं एवढंच की आधीची सही आणि शिक्का खरा आहे. फ्लॅट माझा आहे की नाही, दादा विश्वासू आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता एक सूचना घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ करायला लावा: स्टेपल काढायची नाही. अपॉस्टिल कागदाला टाचलेलं असतं आणि ती पिन निघाली की कोणीही पान बदललं असेल अशी शंका घ्यायला वाव मिळतो. आपल्याकडच्या झेरॉक्सवाल्याचा पहिला पराक्रमच पिन उपसण्याचा असतो. दादाला मी इथूनच सगळ्या पानांचं स्कॅन पाठवलं आणि सांगितलं, झेरॉक्स यातूनच काढायच्या. दुकानात मूळ प्रत नेलीस तर तू आहेस आणि मी आहे.

भारतात पोचल्यावर मुद्रांकाचं काम. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे परदेशात सही झालेला दस्त राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. मुदत सहीच्या तारखेपासून नाही, कागद हाती आल्यापासून मोजतात. म्हणून कुरिअरचं पाकीट आणि पोच जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. दादाने ती पाकिटासकट फाइलला लावली होती आणि मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती लागतो ते ठरवून घेण्यासाठी, अर्ज करताना ती खरंच मागितली गेली. मुखत्यारपत्र मोबदल्याविना भाऊ, बहीण, आई-वडील, नवरा किंवा बायकोच्या नावे असेल तर विक्रीचा अधिकार असूनही मुद्रांक नाममात्र असतो. मित्राच्या किंवा एजंटच्या नावे असेल तर खरेदीखतासारखं शुल्क बसू शकतं. तेव्हा घरात भरवशाचं माणूस असताना ‘आमचा एजंट सगळं बघतो’ या मोहात पडू नका.

दुय्यम निबंधकांकडे खरेदीखताच्या दिवशी दादाला आणखी एक घोषणापत्र द्यावं लागलं: बहीण हयात आहे आणि तिने मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही. ते वाचून त्याने मला फोन केला, ‘आहेस ना?’ तिकडे दुपार, इथे पहाट. आहे म्हटलं.

टोरोंटोच्या चुलतबहिणीचंही असंच काम आहे, तिच्यासाठी शेवटचं. कॅनडात हेग करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या लोकांनी सांगितलेला वकिलातीचा दुहेरी फेरा आता तिला नाही. जर्मनीत असणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतल्यामुळे त्या दोन देशांमध्ये अपॉस्टिल चालत नाही. तिथून मुखत्यारपत्र करायचं तर सरळ भारतीय वकिलातीची वेळ घ्या.