पॅलिओचा फ्युएल पंप, पण आधी अर्थिंग

किल्ली 'ऑन'वर आणली की माझ्या पॅलिओच्या मागच्या सीटखालून एक बारीक गुणगुण येते. दोनेक सेकंद, आणि मग बंद. तो फ्युएल पंपाचा आवाज. सेल्फ मारायच्या आधी पंप लाइनमध्ये प्रेशर भरून ठेवतो, आणि इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला नाही तर कॉम्प्युटर त्याचा करंट तोडतो. पेट्रोलची गाडी जुनी असेल तर हा आवाज रोज लक्ष देऊन ऐकावा असं माझं ठाम मत आहे. पंप बिघडायला लागला की सगळ्यात आधी तो या आवाजातूनच कळवतो.

गाडी म्हणजे पॅलिओ 1.6 जीटीएक्स. 1596 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, शंभर हॉर्सपॉवर. फियाटने 2001 मध्ये पॅलिओ भारतात आणली तेव्हा ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. याच 1.6 वर पुढे सचिनच्या नावाची एस10 ही मर्यादित आवृत्तीही निघाली होती. मागे सीट आहे आणि दारं जास्त आहेत म्हणून कोणी तिला स्पोर्ट्स गाडी म्हणायला कचरेल. त्याने तिला एकदा फोंडाघाटात दुसऱ्या गिअरवर वर खेचून बघावी. तिचं हायड्रॉलिक स्टीअरिंग हाताला रस्ता जसा कळवतं, तसा आजच्या गाड्यांत मला कुठेच सापडलेला नाही. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते, राहायला मालवणात. ही गाडी मी कोल्हापूरच्या एका हौशी माणसाकडून घेतली आणि तेव्हापासून तिची वायरिंग मीच बघते.

लक्षणं हळूहळू येत गेली. आधी गुणगुण कर्कश झाली. मग एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढताना चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी दम सोडायला लागली. पाय सोडून परत दिला की पुन्हा ठीक. प्लग बदला, कॉइल बदला, इंजेक्टर साफ करून घ्या, असे सल्ले खूप मिळाले. पण मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, असेल तर गाडी धक्के देते. ही मात्र तहानल्यासारखी मंदावत जायची, आणि तीही फक्त चढावर आणि वेगात, म्हणजे जिथे पेट्रोल जास्त लागतं तिथेच. मग एका सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभ्या गाडीला सेल्फ मारला. सेल्फ जोरात फिरला, इंजिन काही पकडेना. मागून गुणगुणही नाही.

शेजारचे काका मच्छीमार. त्यांचा सगळा जन्म होड्यांच्या इंजिनांत गेलेला. नुसतं बघून म्हणाले, "बाय, पंप गेलो तुझो. टाकीक खालसून मार दोन धपाटे." मी रबरी हातोडीने टाकीला हलकेच ठोकलं, किल्ली फिरवली, आणि पंप घरघरत चालू झाला. हा जुना आणि खरा उपाय आहे. पंपातल्या मोटरचे कार्बन ब्रश झिजून आखूड झाले की कम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या पट्ट्यांना, धड टेकत नाहीत, आणि धक्क्याने तेवढ्यापुरते टेकतात. पण याने गाडी फार तर गॅरेजपर्यंत नेता येते. दुसऱ्या वेळी धपाट्यांनाही पंप बधला नाही.

आता मुख्य गोष्ट. पंप मेला हे कळलं की बहुतेक जण सरळ नवा पंप घेतात आणि बसवतात. गाडी चालू होते, सगळे खूश. वर्ष-दीड वर्षाने तोही जातो, मग 'पार्ट डुप्लिकेट होता' असं म्हणायचं. किनाऱ्यावरच्या गाडीत पंपाच्या आधी त्याच्याकडे जाणारी वीज तपासलीच पाहिजे, पंप खरोखर मेलेला असला तरीही.

मी आधी फ्यूज बघितला, रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) बघितला. फियाटमध्ये एक इनर्शिया स्विचही असतो. अपघाताचा धक्का बसला की तो पंपाचा करंट तोडतो, आणि आपल्या रस्त्यांवर एखाद्या मोठ्या खड्ड्यानेही तो उडू शकतो. त्याचं बटण दाबून बघितलं. सगळं जागेवर होतं. मग मागच्या सीटची गादी उचलली, गोल झाकण काढलं आणि पंपाचा कनेक्टर सोडवला. मल्टीमीटर लावला तर 12.3 व्होल्ट. कोणीही म्हणेल, वीज तर पूर्ण येतेय.

इथेच फसगत होते. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंप चालताना साधारण पाच अँपिअर ओढतो. वाटेत कुठे अर्धा ओहम रोध असला तर पाच गुणिले अर्धा, म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. म्हणून लोड देऊन मोजायचं. पंप मेला होता, तेव्हा त्याच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडला. साठ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर पाच अँपिअरच घेतो, म्हणजे पंपाएवढाच. वायरी लांब ठेवून बल्ब गाडीबाहेर, वाऱ्यावर ठेवला. टाकी तेव्हा पूर्ण बंद होती. हे सगळं टाकी उघडायच्या आधीच उरकायचं, नंतर अजिबात नाही. रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये 30 आणि 87 नंबरची टोकं वायरने जोडली, म्हणजे रिलेशिवाय करंट सरळ पुढे जातो. बल्ब लागला, पण पिवळा, मरगळलेला. कनेक्टरवर 9.7 व्होल्ट.

मग हरवलेले व्होल्ट शोधायला निघाले. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन कनेक्टरच्या अर्थच्या (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या वाटेच्या) टोकावर, बल्ब चालू असताना. इथे जवळजवळ शून्य यायला हवं, 0.2 पर्यंत मी चालवून घेते. आलं 2.1. अर्थची काळी वायर पकडून पुढे गेले तर ती बॉडीला एका बोल्टखाली कसली होती. वरून बोल्ट ठीक दिसत होता. सोडवला तर थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली हिरवी-पांढरी पूड आणि पत्र्यावर तांबडा थर. इन्सुलेशन थोडं सोललं तर तांबं आतपर्यंत काळं पडलेलं. खारी हवा वायरीच्या तोंडातून आत शिरते आणि तारांमधून वर सरकत जाते. तेवढी चांगली वायर येईपर्यंत कापली, नवीन टिन केलेलं थिंबल क्रिंप करून वर सोल्डर केलं, गोंदवाली हीट श्रिंक चढवली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट कसला आणि मग वरून ग्रीस लावलं. ग्रीस नंतर, आधी नाही. बल्ब पुन्हा जोडला, आता पांढरा शुभ्र. अर्थवरचा ड्रॉप, म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट, फक्त 0.05.

कमी व्होल्टेजवर पंप बंद पडत नाही, हळू फिरतो. म्हणजे पेट्रोल कमी ढकललं जातं, आणि पंपाची मोटर थंड ठेवायचं काम त्याच पेट्रोलचं. घाटात गाडी दम का सोडत होती, आणि पंप का झिजला, या दोन्हींचा मोठा वाटा त्या एका बोल्टखाली होता. मूळ पंपाने वीस वर्षांहून जास्त काम केलं, त्याला मी दोष देणार नाही.

नवा पंप कोल्हापूरला उद्यमनगर भागातल्या एका दुकानातून एसटीच्या पार्सलने मागवला. पूर्ण मोड्यूल (पंप, जाळी, फ्लोट यांचा एकत्र संच) मिळत नाही, मिळालं तर किंमत ऐकवत नाही. पण आतली मोटर तेवढी बदलता येते. बऱ्याच गाड्यांत ती 38 मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. जुन्या पंपाचा व्यास, लांबी, तोंडाची जागा, प्रेशर, सगळं मोजून कळवायचं. आणि एक आवर्जून विचारायचं: कम्युटेटर कार्बनचा आहे का? तांब्याचा कम्युटेटर इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लवकर खराब होतो. वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट सरकारने 2030 वरून 2025-26 वर आणलं, त्यामुळे हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

टाकी उघडायचं काम मी भर दुपारी नाही, सकाळी केलं, खळ्यात, चारही दारं उघडी टाकून. टाकीत पेट्रोल पाव टाकीहून कमी. अग्निशामक हाताशी, मोबाइल घरात, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं. त्याआधी पंपाच्या डोक्यावरची माती ब्रशने आणि ओल्या फडक्याने पूर्ण काढली. माझ्या गाडीत तिथे तारकर्लीची वाळू होती, आणि तिचा एक कण टाकीत गेला तरी नव्या पंपाला तो पुरे. पाइप सोडवताना खाली जाड फडकं धरायचं, कारण लाइनमध्ये प्रेशर शिल्लक असू शकतं.

पंपाला वरून प्लास्टिकची मोठी रिंग धरून ठेवते. ती लोखंडी स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोड्याने फिरवणारे लोक मी पाहिलेत. पेट्रोलच्या वाफेत लोखंडावर लोखंड मारायचं नाही. ऐनाच्या झाडाच्या टणक लाकडाची खुंटी तासून घेतली आणि लाकडी मोगरीने रिंगच्या दातांवर आळीपाळीने समोरासमोर ठोकलं. वेळ लागला, पण रिंग न तुटता सुटली. मोड्यूल सरळ वर ओढायचं नाही. इंधन दाखवणाऱ्या फ्लोटची दांडी बाजूला असते, तिला वाकवून न घेता तिरकं करत बाहेर काढावं लागतं. नाहीतर काटा कायमचा खोटं बोलतो.

तळाची जाळी बघून वाईट वाटलं. मूळची पांढरी जाळी काळी-तपकिरी, बोटाला बुळबुळीत. नव्या पंपाला नवी जाळी हवीच. तसाच आतला तीन-चार इंचांचा होज. हा होज आतून-बाहेरून पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, आणि दुकानातला साधा फ्युएल होज फक्त आतून पेट्रोल सोसायला बनवलेला असतो. बाहेरून तो फुगतो, मऊ होतो, फाटतो. मग पंप टाकीतल्या टाकीत पेट्रोल फिरवत बसतो आणि प्रेशर येत नाही. त्यावर 'एसएई जे30आर10' छापलेलं बघूनच घ्यायचा. स्क्रूच्या साध्या क्लिपाही नकोत, पूर्ण गोल दाबणाऱ्या, फ्युएल इंजेक्शनसाठीच्या क्लिपा घ्याव्यात.

तोंडावरच्या रबरी रिंगचा अनुभव नवख्याला घाबरवतो. बाहेर काढली की थोड्याच वेळात ती फुगून खाचेत मावत नाही. तिला ओढूनताणून बसवू नका, नवीन घ्या. पन्नास-शंभर रुपयांच्या रिंगसाठी गाडीत पेट्रोलचा वास आणि आगीची भीती कशाला पत्करायची?

सगळं बसवून बॅटरी लावली, किल्ली 'ऑन' केली. इंजिन न सुरू करता हे तीन-चारदा केलं, म्हणजे रिकामी लाइन भरते. तेवढ्यात सगळे जोड हाताने चाचपले, गळती नव्हती. सेल्फ मारला, पहिल्याच फेऱ्यात पकडली. गेज लावून बघितलं, प्रेशर तीन बारच्या आसपास, आणि इंजिन बंद केल्यावरही लगेच पडलं नाही. म्हणजे पंपातला एकदिशा व्हॉल्व्हही नीट आहे.

जुना पंप मी वर्गात कापला. कम्युटेटरवर दोन खोल चऱ्या, एक ब्रश नखाएवढा उरलेला, दुसरा त्याहून आखूड. मुलांना तो डीसी मोटरचा धडा पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त कळला. त्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, मग बाकीच्या अर्थ पॉइंटचं काय?" तिच्याच हाती मीटर दिला. मागच्या दिव्यांच्या अर्थवर 0.9 व्होल्ट निघाले. तेही झालं.

आता टाकी पाव काट्याखाली मी जाऊ देत नाही, घाटात तर नाहीच. वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि तापतो. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवते. रिकाम्या टाकीत दमट हवा राहते, इथेनॉल तिच्यातलं पाणी धरतं, आणि पाणी फार झालं तर इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी, म्हणजे नेमका जाळीपाशी बसतो. इंजिनाजवळचे रबरी होज मात्र अजून मूळचेच आहेत. दाबून बघितले तर वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात. जूनच्या आधी तेही इथेनॉल सोसणाऱ्या होजने बदलायचे आहेत, कोल्हापूरला माप कळवून ठेवलंय.