बी.कॉम.च्या मुलांना पर्यावरण कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘याला पुढे सीए करायचंय, नाहीतर आमचं दुकान सांभाळायचंय. मग पर्यावरणाचा पेपर कशासाठी?’ पालक प्रवेशाच्या वेळी हमखास विचारतात, आणि आमच्या स्टाफरूममध्येही हा विषय निघतोच.

मला विचाराल तर कॉमर्सच्या मुलांइतकी या विषयाची गरज दुसऱ्या कुणालाच नाही. कारखान्याने ओढ्यात सोडलेलं पाणी रसायनशास्त्र शिकलेल्याला दिसतं, गावकऱ्याला दिसतं, पण कंपनीच्या हिशोबात ते कुठेच दिसत नाही. आणि तो हिशोब लिहायला हीच मुलं बसणार आहेत.

वर्गात मी बिछडीपासून सुरुवात करते. राजस्थानात उदयपूरजवळचं हे गाव. 1988 च्या सुमारास तिथे ‘एच-अ‍ॅसिड’ तयार व्हायला लागलं. कापडाच्या रंगांसाठी लागणारं हे रसायन. उत्पादन फार काळ चाललं नाही. पण चारशे टनांहूनही कमी मालापोटी जवळजवळ अडीच हजार टन विषारी गाळ निघाला आणि तो उघड्यावर टाकला गेला. तो जमिनीत मुरला. विहिरींचं पाणी काळपट झालं. माणसांना, गुरांना आणि शेतीला, कशालाच ते चालेना. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ज्याने प्रदूषण केलं, त्यानेच भरपाई करायची. सफाईचा खर्च ठरला 37.385 कोटी रुपये. तो भरला गेला नाही, अर्जांवर अर्ज होत राहिले. शेवटी 2011 मध्ये न्यायालयाने सांगितलं, नोव्हेंबर 1997 पासून 12 टक्के चक्रवाढ व्याजासकट भरा.

इथे मी थांबते आणि मुलांना कॅल्क्युलेटर काढायला लावते. 12 टक्क्यांनी रक्कम सहा वर्षांत जवळपास दुप्पट होते, हे त्यांना पाठ असतं. पावणेचौदा वर्षांचा आकडा पावणेदोनशे कोटींच्या आसपास जातो. वर्गात एकदम शांतता होते. काळ्या विहिरींचे फोटो दाखवूनही होत नाही इतकी. मग कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, याची तरतूद त्या वर्षीच्या ताळेबंदात का नव्हती?’ या एका प्रश्नासाठी मी हा विषय शिकवते. त्या वर्षीचा नफा खरा होता का? लाभांश कुणाच्या पैशातून वाटला जातो? तरतूद, म्हणजे पुढच्या खर्चासाठी नफ्यातून आधीच रक्कम बाजूला धरणं, कधी करायची आणि संभाव्य देणं, म्हणजे कदाचित भरावी लागेल अशी रक्कम, म्हणून नुसती टीप कधी द्यायची, हे मुलं अकाउंट्सच्या तासाला शिकतात. ते गाळाच्या ढिगालाही लागू आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता तर दुसरंही कारण आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. या कंपन्या पुढे आपल्या पुरवठादारांकडे आकडे मागतात. एखाद्या छोट्या वर्कशॉपला ईमेल येतो: वर्षभरात वीज किती, डिझेल किती, पाणी किती. तो ईमेल कुणाकडे जातो? अकाउंटंटकडे. आपल्याकडच्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे हवेत सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे 2.7 किलो. महिन्याला हजार युनिट जाळणाऱ्या दुकानाचे 700 किलो झाले. गुणाकार सोपा आहे. अवघड आहे ती बिलं शोधणं, जनरेटरचं डिझेल वेगळं काढणं, तेच दोनदा न धरणं. थोडक्यात, जमाखर्चाची शिस्त.

झाडं लावून फोटो चिकटवलेली प्रोजेक्टची फाइल मला मनापासून नको वाटते. मुलांचं डोकं त्यात लागत नाही. म्हणून तुमचा मुलगा यंदा प्रवेश घेणार असेल तर एकच करा. दुकानाची वर्षभराची वीजबिलं आणि टेम्पोच्या डिझेलच्या पावत्या रद्दीत टाकू नका. पहिल्याच महिन्यात मागवणार आहे.